फ्रिजमधलं फुलपाखरू आणि पहाटेचं फुलपाखरू

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:
दोन वर्षांपूर्वी फुलपाखरांचे फोटो काढायला सुरुवात केली. स्वतःला एकच अट घातली होती: फ्लॅश नाही, जो प्रकाश असेल त्यातच काढायचं. पैसे साठवून १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारी लेन्स, घेतली. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाहेर पडते ती दुपारी दोनपर्यंत. तीनशे फोटोंतले चार-पाच धड येतात. बाकीच्यांत पंखाचं एक टोक स्पष्ट तर दुसरं धूसर, नाहीतर सगळं पांढरं फटक, नाहीतर नुसतंच रिकामं फूल. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांचे फोटो मात्र कायम काचेसारखे लख्ख. त्यांनी एकदा बाजूला घेऊन गुपित सांगितलं. फुलपाखरू डब्यात धरायचं, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचं आणि मग हव्या त्या फुलावर बसवायचं. 'मरत नाही, थोड्या वेळानं उडून जातं, सगळेच करतात,' असं ते म्हणाले. मी अजून केलेलं नाही, पण डबा धुऊन ओट्यावर ठेवलाय. करायला खरंच हरकत आहे का? की नैसर्गिक प्रकाशाचा हट्ट सोडून फ्लॅश घेऊ? आणि गटात याबद्दल बोलावं की गप्प बसावं? सोबत माझे तीन फोटो पाठवतेय. चांगले नाहीत, पण बघा.

नमस्कार ताई,

'डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलाय, तीन आठवडे झाले, पण उचलवत नाही,' असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. ते वाक्य मी दोनदा वाचलं. मनानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हातानं आधीच देऊन टाकलंय. म्हणून 'करू नका' एवढंच सांगून मी थांबत नाही. हात का अडखळतोय हे नीट कळलं नाही, तर पुढच्या वेळी तीनशे फोटो वाया गेल्यावर तो डबा पुन्हा बोलवायला लागेल.

फुलपाखराच्या अंगात स्वतःची अशी ऊब जवळजवळ नसतेच. उडण्याचे स्नायू छातीत असतात आणि ते साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय नीट चालत नाहीत. फ्रिजच्या आत चार-पाच अंश असतात. तिथून बाहेर काढलेलं फुलपाखरू शांत बसलेलं नसतं, त्याचं शरीर चालत नसतं. पायांची पकड सुटलेली असते, मिशा मागे पडलेल्या असतात. पक्षी आला, सरडा आला, मुंग्या चढल्या, तरी त्याला हलता येत नाही. शिवाय पंखाला बोटं लागली की खवले निघतात आणि ते पुन्हा कधीच येत नाहीत. बऱ्याच जातींत पंख फुटल्यानंतरचं आयुष्य दोन ते चार आठवड्यांचं असतं. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. 'उडून गेलं' हे आपण पाहिलेलं असतं, पण त्यानंतर त्याचं काय झालं हे कुणीच पाहिलेलं नसतं. आणि 'सगळेच करतात' हे खरं नाही. पुष्कळ जण करत नाहीत, त्यातली मी एक. काही जाती तर अनेक देशांत संरक्षित आहेत, त्यांना पकडणं हाच गुन्हा ठरतो.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तुम्हाला हवा असलेला स्थिरपणा फ्रिजविना मिळतो. रोज मिळतो. फक्त तुम्ही बाहेर पडता त्याच्या चार तास आधी.

रात्रभर गार पडलेलं फुलपाखरू उजाडताना तसंच निश्चल असतं. तेव्हा त्यानं फांदी स्वतः निवडलेली असते, पाय घट्ट रोवलेले असतात आणि पान, गवत, दव सगळं त्याच्या जागेवर असतं. आदल्या संध्याकाळी ऊन उतरताना एक फेरी मारा. छोटी निळी फुलपाखरं गवताच्या तुऱ्यांवर विसावतात, बरीचशी डोकं खाली करून. मोठी झुडपांच्या आत, पानांच्या खाली लटकतात. कुठे बसली तेवढं बघून ठेवा, हात लावू नका आणि दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आधी त्याच जागी जा. माझा अनुभव असा की दहा जागा हेरल्या तर सकाळी चार-पाच ठिकाणी तरी ते तिथेच सापडतं.

या वेळी ट्रायपॉडही कामाला येतो, एरवी फुलपाखरांच्या मागे तो नुसतं ओझं असतो. वारा पडलेला असेल तर १/३० सेकंदाचा शटरही, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा एवढा लांब वेळही, चालतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफ ११ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, ४००, टायमर दोन सेकंदांचा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. मग ऊन येतं. पहिला किरण पंखांवर पडल्यावर दोन-पाच मिनिटं काहीच होत नाही. नंतर पंख जरा थरथरतात आणि हळूच उघडतात. काही जाती पूर्ण पंख पसरून पाठीवर ऊन घेतात, काही पंख मिटलेलेच ठेवून अख्ख्या अंगानं सूर्याकडे कलतात. तिरपं, मऊ, सोनेरी ऊन आणि न उडणारं फुलपाखरू, दोन्ही एकत्र मिळतं ते या दहा-पंधरा मिनिटांतच. तुम्हाला नैसर्गिक प्रकाशाचं वेड आहे ना? मग ही वेळ तुमची आहे.

इथे तुमच्या पत्रातलं एक गृहीत हळूच बाजूला काढून बघू. 'नैसर्गिक प्रकाश' म्हणताना तुमच्या मनात भरपूर ऊन आहे असं वाटतं. दहा ते दोन हा प्रकाश भरपूर असतो खरा, पण डोक्यावरून येतो. पंखाचा वरचा भाग जळतो, पोटाखाली काळोख साठतो आणि फुलपाखरूही तेव्हा सगळ्यात तापलेलं, सगळ्यात चपळ असतं. म्हणजे अवघड प्रकाश आणि अवघड फुलपाखरू, दोन्ही तुम्ही एकाच वेळी अंगावर घेताय. त्यापेक्षा पातळ ढगांचा दिवस बरा. ढग म्हणजे आभाळभर ताणलेलं पांढरं कापड. सावल्या मऊ पडतात, रंग खरे येतात, फुलपाखरंही अधूनमधून विसावतात. फार दाट ढग झाले की ती पानांआड जातात, मग घरी आलेलं चांगलं. दुपारी जावंच लागलं तर झाडाच्या सावलीतली फुलं शोधा. पांढऱ्या कापडाचा डिफ्यूजर, म्हणजे ऊन मऊ करणारा पडदा, धरायचा असेल तर दोघं हवीत आणि त्याची सावली फार सावकाश सरकवावी लागते. अंगावर एकदम सावली पडली की फुलपाखराला ती भक्षकाची वाटते.

दुसरं गृहीत लेन्सचं. मॅक्रो लेन्स आहे म्हणून तुम्ही दर वेळी अगदी जवळ, पार १:१ पर्यंत जाताय, हे फोटोंवरून दिसतं. १:१ म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, उमटते. मोठा, 'फुल-फ्रेम' म्हणतात तो सेन्सरही असतो ३६ बाय २४ मिलिमीटर. सहा सेंटिमीटर पसरलेलं फुलपाखरू त्यात मावणारच नाही! त्याला १:३, १:४ पुरतं. आणि मागे सरकण्याचा लाभ केवढा आहे बघा. एफ ८ ला १:१ वर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं स्पष्ट येतं तेवढं अंतर, जेमतेम एक मिलिमीटर असते. १:४ वर तीच जवळजवळ एक सेंटिमीटर होते. 'एक टोक स्पष्ट, दुसरं धूसर' हे दुखणं निम्मं तर इथेच बरं होईल. प्रकाशाचंही तसंच. १:१ वर प्रकाश इतका विरळ होतो की एफ ८ लावलं तरी सेन्सरपर्यंत एफ १६ इतकाच प्रकाश पोहोचतो, म्हणजे चौथा हिस्सा. तुम्हाला वाटतं प्रकाश अपुरा आहे, पण तो आपणच जवळ जाऊन कमी केलेला असतो. आणि १०० मिलिमीटरच्या लेन्सचं तोंड १:१ ला फुलपाखरापासून वीतभरही लांब नसतं. एवढ्या जवळ आलेल्या काळ्या नळकांड्यापुढे कोण बसून राहील?

उरलेलं निम्मं दुखणं कोनाचं. मिटलेले पंख म्हणजे एक सपाट पाटी समजा. कॅमेऱ्याची पाठ त्या पाटीला समांतर आली की सगळा पंख एकाच अंतरावर येतो आणि एका मिलिमीटरच्या खोलीतही मावतो. आरशासमोर हात धरून बघावं तसं मी आधी डोळ्यांनी रेष जुळवते, मग कॅमेरा उचलते. समांतर जमतच नसेल तर सगळा पंख स्पष्ट करण्याचा ध्यास सोडा आणि डोळा धरा. डोळा स्पष्ट असला की धूसर पंख चालून जातो, उलट कधीच चालत नाही.

आता शटरचे आकडे सांगते, सेकंदाच्या हिशेबात. हातात कॅमेरा धरून बसलेल्या फुलपाखराला १/२५० च्या खाली जाऊ नका, १/५०० असेल तर निर्धास्त. मधासाठी फुलावर घिरट्या घेत सतत पंख मारणाऱ्या मोठ्या शेपटीवाल्यांना १/१००० ते १/२००० लागतो. त्यासाठी आयएसओ ८००, १६०० करावा लागला तर बिनदिक्कत करा. त्यानं फोटोत येणारे दाणे नंतर संगणकावर बऱ्यापैकी निवळतात, हललेला फोटो निवळत नाही. फोकस एकदा लावून ठेवायचा, मग अंगच किंचित पुढे-मागे झुलवत चार-पाच फोटोंचा सपाटा लावायचा. फोनवर काढणाऱ्यांनीही डिजिटल झूम टाळून दोनपट-तिप्पटवाली खरी टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरावी. आणि ज्यांच्याकडे मॅक्रो नाही त्यांनी खंतावू नये. ७०-३०० मिलिमीटरची साधी झूम लेन्स दीड मीटरवरून फुलपाखराला पुरेसं मोठं करते आणि ते उडतही नाही.

तुमच्या पहिल्या फोटोत पांढरं फुलपाखरू फटक झालंय. कॅमेरा मागची गर्द पानं बघतो, त्याला वाटतं अंधार आहे, तो प्रकाश वाढवतो आणि पंख जळतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करायची सोय, उणे २/३ किंवा उणे १ करा, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. पानांच्या गर्दीत पंखांवर हिरवट झाक चढते, तीही रॉमध्ये सहज उतरते.

दुसऱ्या फोटोबद्दल तुम्ही लिहिलंय, 'डोळ्यांना जांभळं चमकताना दिसलं, फोटोत काळंच आलं.' तुमचा कॅमेरा बरोबर आहे आणि डोळेही. असा चमकता निळा-जांभळा रंग बहुतेकदा रंगद्रव्याचा नसतोच. खवल्यांवर अतिसूक्ष्म रचना असते, तिच्यावरून परतलेल्या प्रकाशातून तो दिसतो. कोन बदलला की दिवा मालवावा तसा विझतो. तुम्ही उभ्यानं पाहिलंत आणि फोटोसाठी खाली वाकलात, तेवढ्यात तो गेला. अशा वेळी सेटिंग बदलण्यात वेळ घालवू नका. अर्धं पाऊल डावीकडे, अर्धं उजवीकडे, आणि रंग पेटला की तिथेच थांबा.

आता जवळ जाण्याबद्दल. फुलपाखराचे संयुक्त डोळे जवळजवळ चहूकडचं बघतात आणि हालचाल फार चटकन टिपतात. म्हणून सरळ चालत न जाता बसत, रांगत, खाली राहून जावं, सूर्य पाठीशी ठेवून त्याच्यावर सावली टाकू नये, ते ज्या रोपावर आहे त्याला धक्का लावू नये. पहिला फोटो लांबूनच काढून ठेवावा, मग दर पावलाला एक. सोंड फुलात असेल किंवा ओल्या मातीवर चिखलपान चालू असेल तेव्हा ते बरंच जवळ येऊ देतं. चिखलपान करणारे बहुतेक नर असतात, क्षारांसाठी येतात आणि हुसकले तरी परत तिथेच उतरतात. काही नर एकाच काटकीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतात. त्यांच्या मागे धावू नका, काटकीपाशी बसा. जोडी लागलेली असेल, किंवा कोषातून नुकतंच बाहेर पडलेलं पंख वाळवत असेल, तर ते पळू शकत नाही म्हणून तो फोटो सोपा वाटतो. तिथे दोन फोटो लांबून काढायचे आणि उठायचं, हा माझा नियम आहे.

तो नियम मी कुठून शिकले ते सांगते. सुरुवातीच्या काळात मलाही मागचं सगळं स्वच्छ, एकरंगी हवं असायचं. एका सकाळी एक फुलपाखरू एका कोवळ्या रोपाभोवती घुटमळत होतं, दोन-दोन सेकंद टेकत होतं. मध्ये एक पान येत होतं. ते उडालेलं असताना मी ते पान खुडून टाकलं आणि वाट बघत बसले. हातात पान तसंच होतं. सहज उलटून पाहिलं तर खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं, फिकट पिवळं, गोल अंडं होतं. ती मादी होती, अंडी घालत होती आणि मी पानाला अडथळा समजून तिचं बाळंतपण खुडलं होतं. ते पान मी रोपाच्या फांदीत अडकवून ठेवलं, पण खुडलेलं पान दुपारपर्यंत सुकतं हे मला माहीत होतं. त्यानंतर मी फोटोसाठी काहीही तोडलेलं नाही. बॅकग्राउंड नको असेल तर स्वतः सरकते. वीतभर बाजूला झालं तरी मागचं सगळं बदलतं.

आणि ते पान फोटोत असलं तर बिघडलं कुठे? मारिया सिबिला मेरियन नावाची एक चित्रकार १६९९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. त्या काळी संग्राहक टाचणीला टोचलेली फुलपाखरं जमवायचे. ती मात्र अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि अळीची खाद्यवनस्पती एकाच चित्रात मांडायची, कारण ते सगळं मिळूनच ते फुलपाखरू होतं. फ्रिजमधून काढून सुंदरशा फुलावर बसवलेल्या फुलपाखराच्या फोटोत नेमकं हेच हरवतं. ते फूल त्याचं नसतं, ती जागा त्याची नसते, ती वेळ त्याची नसते. जाणकाराला ते कळतंही. सोंड बाहेर नाही, पाय फुलावर कसेतरी टेकवलेले, मिशा ढिल्या आणि जी जात त्या फुलाकडे फिरकतही नाही ती त्यावर बसलेली.

फ्लॅशचं विचारलंत. फ्लॅश म्हणजे पाप नव्हे. मऊ करून, थोडासा, सावल्या भरायला वापरणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्हाला तो हवाय तो कंटाळून, आवडून नव्हे. सहा आठवडे पहाटे जाऊन बघा, मग ठरवा. तोवर एक पांढरा जाड कागद पिशवीत ठेवा. सकाळच्या तिरप्या उन्हात सावलीच्या बाजूनं तो जमिनीलगत धरला तर पोटाखालचा काळोख पुरेसा उजळतो.

गटाबद्दल मात्र जपून. त्या ज्येष्ठांनी तुम्हाला विश्वासानं सांगितलंय, सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेऊन काही साधणार नाही. आधी त्यांच्याशीच बोला. 'मला नाही जमणार, आणि का ते सांगू का?' एवढ्यावरून सुरू करा. कदाचित त्यांनीही कधीतरी कुणाकडून तरी हेच ऐकलेलं असेल आणि पुढे विचारच केला नसेल. ऐकलं नाही तर गटात व्यक्तीचा विषय न काढता पद्धतीचा काढा: प्रत्येक फोटोखाली तो कसा काढला ते लिहायचं. मोकळं, पकडलेलं, पाळलेलं, थंड केलेलं, जे असेल ते. घरी अळी वाढवून बाहेर पडलेल्या फुलपाखराचा फोटो काढण्यात वाईट काही नाही, तसं लिहिलं म्हणजे झालं. लपवण्यानं मात्र तुमच्यासारख्या नव्या माणसाचं नुकसान होतं. तुम्ही दोन वर्षं स्वतःच्या खऱ्या फोटोंची तुलना अशा फोटोंशी करत बसलात आणि स्वतःला कमी समजत राहिलात. याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी तुमचा तिसरा फोटो. त्याबद्दल तुम्ही लिहिलंय, 'हा बादच आहे, पंख फाटलेले.' मी तो मोठा करून पाहिला. मागच्या दोन्ही पंखांना एकाच उंचीवर, एकाच आकाराचा, व्हीसारखा तुकडा नाही. दोन्ही पंखांना हुबेहूब सारखी फाट बहुतेकदा तेव्हा पडते, जेव्हा पंख मिटलेले असताना कुणीतरी ते तोंडात पकडलेले असतात. बहुधा पक्ष्यानं धरलं, पंखाचा तुकडा चोचीत राहिला आणि हे निसटलं. तुमच्या फोटोत ते त्यानंतरही फुलात सोंड घालून पितंय. प्रकाश बाजूनं आलाय, डोळा स्पष्ट आहे, फाटलेल्या कडेवरचे खवलेसुद्धा दिसतात. त्याची न कापलेली मूळ फाइल असेल तर मला पाठवाल का? आणि तो कोणत्या वेळी, कोणत्या झाडावर काढला तेही लिहा.